लांबच्या ग्रुप राईडचं सामान: कुठली बॅग घ्यावी, काय भरावं, कसं बांधावं

मोटरसायकलच्या ग्रुप राईडमध्ये माझी जागा बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी असते. पुढे वाट दाखवणारा लीड, मध्ये बाकीचे, आणि कुणी मागे राहू नये म्हणून शेवटी मी, म्हणजे स्वीप. या जागेचा एक फायदा असा की दिवसभर मला रस्ता कमी आणि लोकांच्या बॅगा जास्त दिसतात. कुणाची सॅडल बॅग सायलेन्सरला टेकतेय, कुणाचा पट्टा चाकाकडे लोंबतोय, कुणाची चप्पल जाळीतून निसटायच्या बेतात आहे, हे ज्याचं सामान त्याला कधीच दिसत नाही. मागच्याला दिसतं.

एकटं फिरताना सामान सुटलं तर आपण थांबतो, बांधतो आणि निघतो. ग्रुपमध्ये तुमचा रेनकोट बॅगेच्या तळाशी असला की दहा गाड्या कडेला लागतात. दहा जणांनी दिवसात प्रत्येकी एकदा पाच-पाच मिनिटं असं थांबवलं, तरी जवळजवळ तासभर उजेड गेला. आणि तुमच्या गाडीवरून पडलेली वस्तू तुमच्या नाही, मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाते. म्हणून नव्या रायडरला मी एकच प्रश्न विचारायला सांगतो. ‘हे बॅगेत बसेल का’ हा तो प्रश्न नव्हे. ‘ही वस्तू लागली, तर किती जणांना किती वेळ थांबावं लागेल’ हा. पुढचं सगळं या प्रश्नाभोवतीच आहे.

पायरी १: आधी ढीग, मग बॅग

बहुतेक जण उलट करतात. आधी भलीमोठी बॅग घेतात, मग ती भरेपर्यंत सामान कोंबतात. मोठ्या बॅगेला रिकामं राहणं जमतच नाही.

त्यापेक्षा न्यायचं सगळं जमिनीवर मांडा. कपडे एका बाजूला, अवजारं एका बाजूला, चार्जर-वायरी एका बाजूला. रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी पुन्हा बघा. चौथा टी-शर्ट आणि दुसरी जीन्स तेव्हा आपोआप खटकतात. मग उरलेला ढीग घरातल्या एखाद्या जुन्या सॅकमध्ये भरून पाहा, म्हणजे किती लिटरची बॅग लागेल याचा अंदाज येतो.

मुक्काम खोलीत असेल तर चार-पाच दिवसांसाठी एकट्या माणसाला ४० ते ५० लिटर जागा पुरते, असा माझा अनुभव आहे. तंबूत राहायचं असेल तर तंबू, स्लीपिंग बॅग आणि मॅट मिळून आणखी २५-३० लिटर धरा. राईड चार दिवसांची असो की बारा, कपडे तितकेच लागतात. फक्त मध्ये एकदा धुवावे लागतात.

पायरी २: गाडी किती पेलते ते बघा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळू नका. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे सापडतात. एक म्हणजे पेट्रोल-ऑइलसकट गाडीचं स्वतःचं वजन, आणि दुसरा म्हणजे गाडी आणि त्यावरचं सगळं धरून चालणारं कमाल वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची शिल्लक.

समजा कमाल वजन ३७० किलो आणि गाडी १९० किलोची. शिल्लक १८०. रायडर ८० किलोचा, त्याचं हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून ८ किलो. राहिले ९२. मागे कुणी बसणार असेल आणि त्यांचं वजन रायडिंग गिअरसकट ७२ किलो असेल, तर सामानासाठी उरले फक्त २०. यात बॅगांचं आणि त्या लावायच्या सांगाड्याचंही वजन येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांची फ्रेम मिळूनच १२-१५ किलो सहज होतात. म्हणजे रिकाम्या पेट्या लावल्या तरी शिल्लक जवळपास संपली. गाडीवर दोघं असतील तर कापडी बॅगाच घ्या असं मी सांगतो, त्यामागे हे साधं गणित आहे.

मागच्या रॅकची मर्यादा वेगळी असते आणि ती फारच कमी असते. बऱ्याच गाड्यांच्या रॅकवर किंवा मॅन्युअलमध्ये ३ ते ५ किलोच लिहिलेलं असतं. त्यावर १२ किलोची बॅग बांधून खडबडीत रस्त्यावर दोन दिवस चालवलं की रॅकला तडा जातो, नाहीतर बोल्ट तुटतो. अशा वेळी वजनाचा मुख्य भार सीटवर येईल अशी बॅग ठेवा आणि रॅकला फक्त टेकू म्हणून वापरा.

सामान चढल्यावर गाडीतही तीन बदल करावे लागतात. टायरमधली हवा सामान लादलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या आकड्याला न्या. तो आकडा बहुधा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरच्या, किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो, आणि हवा टायर थंड असतानाच मोजायची. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा, म्हणजे गाडी मागून बसणार नाही. मागून बसलेल्या गाडीचं पुढचं चाक हलकं होतं, वळणावर हँडल तरंगल्यासारखं वाटतं. तिसरं, हेडलाइटचा झोत खाली घ्या. मागचा भाग दबला की झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याचे, शिवाय तुमच्या पुढच्या सोबत्याच्या आरशातून त्याचेही डोळे दिपतात. चेनचा सैलपणाही याच वेळी मॅन्युअलप्रमाणे पाहून घ्या.

पायरी ३: बॅगांचे प्रकार आणि माझी मतं

एक नियम सगळ्या बॅगांना लागू आहे. वजन जितकं खाली आणि जितकं गाडीच्या मध्याजवळ, तितकं चांगलं. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकलेलं वजन सी-सॉच्या टोकाला बसलेल्या पोरासारखं काम करतं. थोडं असलं तरी पुढचं टोक उचलतं. वेग वाढला की अशी गाडी डुलायला लागते.

टेल बॅग. मागच्या सीटवर आडवी बांधायची. एकट्याने चालवणाऱ्याला पहिली बॅग घ्यायचीच असेल तर हीच घ्या. तोंड गुंडाळून बंद होणारी, म्हणजे रोल-टॉप, ४० लिटरच्या आसपासची. ती कुठल्याही गाडीवर बसते, सायलेन्सरपासून लांब राहते आणि मुक्कामी एका हाताने उचलून आत नेता येते. एक काळजी घ्या. तिची उंची वाढली की गाडीवर चढताना बूट तिला अडकतो. नव्या रायडरची भरलेली गाडी पहिल्यांदा पडते ती रस्त्यावर नाही, उभी असताना, अशीच पाय अडकून. तेव्हा बॅग आडवी आणि बसकी ठेवा, आणि पाय मागून फिरवण्याऐवजी गुडघा दुमडून सीटवरून पलीकडे नेण्याची घरीच सवय करा.

सॅडल बॅग. सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडी. वजन खाली राहतं, म्हणून जड वस्तूंसाठी उत्तम. पण हिचे दोन शत्रू आहेत, सायलेन्सर आणि मागचं चाक. घेण्याआधी आपल्या गाडीचा सायलेन्सर वर उचललेला आहे की खाली सरळ जातो ते बघा. बॅग आणि सायलेन्सर यांत निदान चार बोटं अंतर हवं, आणि तेही गाडी दबलेली असताना. माझी पहिली सॅडल बॅग अंगणात उभ्या गाडीवर अगदी व्यवस्थित बसली होती. रस्त्यावरच्या खड्ड्यांत शॉकअप दबत गेला आणि खालचा कोपरा वितळला. जळक्या नायलॉनचा वास मला नाही, माझ्या मागच्याला आधी आला. तेव्हापासून मी बाजूची लोखंडी फ्रेम आणि सायलेन्सरवर उष्णतारोधक पत्रा लावल्याशिवाय सॅडल बॅग घालत नाही. फ्रेममुळे बॅग चाकात ओढली जायचीही भीती राहत नाही.

टँक बॅग. आकाराने सगळ्यात लहान आणि कामाला सगळ्यात मोठी. थांबल्यावर गाडीवरून न उतरता उघडता येते, म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर हिच्यात आहे. ५ ते १० लिटर पुरे. याहून मोठी घेतली तर पुढचं मीटर झाकतं आणि हँडल वळवताना आड येते. लोहचुंबकाच्या बॅगा लावायला सोप्या, पण प्लास्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला त्या चिकटत नाहीत. चुंबकाखाली लोखंडी कचरा साठून रंगावर ओरखडेही येतात, म्हणून लावताना दर वेळी खालची बाजू पुसा. चुंबकी पट्टीची कार्डंही तिच्यात ठेवू नका. लावून झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. यू-टर्न घेताना बॅगेने हॉर्न दाबला तर हसण्यावारी जातं, इंजिन बंद करायचं बटण दाबलं तर गाडी आडवी होते.

कडक पेट्या आणि टॉप बॉक्स. कुलूप लागतं, पाणी आत येत नाही, गाडी उभी करून दोन तास फिरून येता येतं. पण पेट्या जड असतात, गाडीची रुंदी वाढवतात, आणि खडबडीत रस्त्यावर पडताना पाय पेटी आणि जमिनीमध्ये सापडण्याचा धोका असतो. कापडी बॅग निदान दबते तरी. डांबरी रस्त्याच्या लांब प्रवासाला पेट्या ठीक, कच्च्या वाटांना नकोत. टॉप बॉक्समध्ये हलक्या वस्तूच ठेवा. तो उंचावर आणि आसाच्या मागे असतो, म्हणजे वजन ठेवायला सगळ्यात वाईट जागा.

पाठीवरची सॅक. नको. दिवसभरात खांदे आणि कंबर दुखते, गुरुत्वमध्य वर जातो, आणि पडल्यावर आतली कडक वस्तू थेट मणक्यात रुतते. अपवाद एकच, नळीने पाणी प्यायची दीड-दोन लिटरची पातळ पिशवी. तिच्यात पाण्याखेरीज काही नको.

पायरी ४: पाऊस

‘वॉटर रेझिस्टंट’ आणि ‘वॉटरप्रूफ’ हे दोन शब्द दुकानात एकाच दमात म्हटले जातात. पहिल्याचा अर्थ थोडी सर सोसेल, एवढाच. ताशी ८० च्या वेगात पाऊस वरून पडत नाही, समोरून मारा होतो, आणि पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी खालून येतं. शिवणीच्या प्रत्येक भोकातून ते आत शिरतं. खरी जलरोधक बॅग शिवलेली नसते, तिचे जोड उष्णतेने चिकटवलेले असतात आणि तिला तोंडाशी चेन नसते. तोंड गुंडाळून बंद करायचं असतं, निदान तीन वेढे. दोन वेढ्यांत पाणी येतं.

बॅगेसोबत मिळणाऱ्या रेनकव्हरवर माझा फारसा विश्वास नाही. वाऱ्याने ते फुग्यासारखं फुगतं, उडून मागच्याच्या हेल्मेटवर जातं, आणि टिकलंच तर त्याच्या तळाशी पाणी साठून बॅग त्यात बसते. बॅग साधी असेल तर कव्हरवर पैसे घालण्यापेक्षा आत जाड प्लास्टिकची पिशवी किंवा ड्राय बॅग घाला. बाहेरची बॅग भिजली तरी चालते, कपडे कोरडे राहिले पाहिजेत.

पायरी ५: काय न्यायचं

*स्वतःचं.* कपड्यांचा साधा हिशेब: एक जोड अंगावर, एक धुतलेला, एक राखीव. जॅकेटच्या आत घालायला सुती कपडे टाळा. घाम आणि पाणी शोषून ते तासन् तास ओले राहतात आणि वाऱ्यात गारठवतात. सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचे रात्रीत वाळतात. थंडीसाठी एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा दोन पातळ थर न्या. ऊन वाढलं की एक काढता येतो. हातमोजे मात्र दोन जोड हवेत. ओल्या हातमोज्यांनी ब्रेक-क्लच दाबत दुसरा दिवस काढणं फार जिवावर येतं.

लायसन्स, गाडीचे कागद, पैसे आणि फोन बॅगेत नाही, अंगावर. बॅग गाडीसोबत राहते, अपघातात तुम्ही आणि गाडी वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकता. जॅकेटच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी ठेवा. रक्तगट, चालू असलेली औषधं, कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ती, आणि घरच्या कुणाचा नंबर. ती कुठल्या खिशात आहे हे ग्रुपमधल्या निदान दोघांना माहीत असू द्या.

*ग्रुपचं.* खरा वाचणारा भार इथे आहे. दहा जणांनी दहा कॉम्प्रेसर, दहा पाना-संच आणि दहा प्रथमोपचाराच्या पेट्या वाहण्यात अर्थ नाही. निघण्याआधी एकदा बसा आणि ठरवा, कोण काय घेणार.

अवजारं, पंक्चरचं सामान आणि हवा भरायचा पंप शेवटच्या रायडरकडे. कारण बंद पडलेली गाडी आपोआप मागे राहते, म्हणजे स्वीपपाशीच येते. हेच सामान लीडकडे असेल तर त्याला उलटं यावं लागतं. प्रथमोपचाराचं मुख्य सामानही मागेच, आणि एक लहान संच मध्ये कुणाकडे तरी.

एका कामाचं सामान कधीही दोन गाड्यांत वाटू नका. एकदा आमच्यात टायरचं भोक मोठं करायचा काटा एकाकडे होता आणि भोकात घालायच्या रबरी पट्ट्या दुसऱ्याकडे. तो दुसरा पुढच्या पेट्रोल पंपावर आमची वाट बघत बसला होता, आणि मधल्या पट्ट्यात फोनला रेंज नव्हती. आम्ही काटा हातात घेऊन पाऊण तास टायरकडे बघत राहिलो.

पंक्चरच्या सामानाआधी ग्रुपमध्ये कुणाचे टायर कोणते आहेत ते विचारा. ट्यूबलेसला काटा, सुई, पट्ट्या आणि सोल्यूशन पुरतं. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, आणि तिथे टायर उचकटायचे लिव्हर, जादा ट्यूब, ठिगळं आणि चाक काढायला लागणारे मोठे पाने हवेत. पुढच्या मापाची एक ट्यूब घेतली तर अडीनडीला ती मागच्या टायरमध्येही चालवून जवळच्या गावापर्यंत जाता येतं. गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप मोबाईल चार्ज करायच्या यूएसबी सॉकेटवर चालत नाही. त्याला बॅटरीवरून थेट वायर लागते, ती घरीच जोडून ठेवा.

पान्यांच्या बाबतीत एक युक्ती: घरी फक्त न्यायच्या अवजारांनी गाडीची छोटी कामं करून बघा. आरसा घट्ट करा, चेन ताणा, प्लग काढा, बॅटरीचं झाकण उघडा. जे पाने हातात आले ते घ्या, जे आले नाहीत ते ठेवून द्या. सोबत क्लच केबल, जादा फ्यूज, चेनची जोडकडी, केबल टाय, थोडी तार आणि एका पेनाला गुंडाळलेली डक्ट टेप. चिकटपट्टीचं अख्खं रीळ कशाला न्यायचं! एकाच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या असतील तर त्यांच्यात मिळून एक क्लच केबल आणि एक जोडकडी पुरते. एकच वेगळी गाडी असेल तर तिच्या मालकाने आपले सुटे भाग आपणच घ्यावेत.

पेट्रोल थांबा सगळ्यात लहान टाकीच्या गाडीवर ठरतो. तिच्यासाठी जादा पेट्रोल न्यायची वेळ आलीच, तर आधी त्या वाटेवर ते नेण्याला मनाई नाही ना ते बघा. पेट्रोलसाठीच बनवलेल्या बाटलीत न्या, वर थोडी जागा रिकामी सोडा, आणि सायलेन्सरपासून आणि खाण्यापासून लांब बांधा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेणाऱ्याला मी ग्रुपमध्ये घेत नाही.

प्रथमोपचारात निर्जंतुक गॉझ, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, अँटिसेप्टिक, टोकाकडे बोथट असलेली कात्री, हातमोजे, ओआरएसची पाकिटं आणि नेहमीची वेदनाशामक गोळी असावी. ते वापरता येणारा निदान एक जण ग्रुपमध्ये असावा, नाहीतर ती नुसती लाल पिशवी. बॅगेच्या बाहेरून ती दिसेल अशी ठेवा आणि निघताना सगळ्यांना एकदा दाखवा.

पायरी ६: भरण्याचा क्रम

सामानाचे तीन भाग करा, ते लागण्याच्या घाईनुसार.

पहिला, गाडीवरून न उतरता लागणारं. पाणी, खाऊ, गॉगल, चष्मा पुसायचं फडकं, पॉवर बँक, थोडे सुटे पैसे. हे टँक बॅगेत. पॉवर बँक आणि फोन वरच्या पारदर्शक खिशात उन्हात ठेवू नका, दोन्ही तापतात.

दुसरा, एका मिनिटात लागणारं. रेनसूट, जाड थर, दुसरे हातमोजे, टॉर्च. हे टेल बॅगेच्या अगदी वर, किंवा बाहेरच्या खिशात. रेनसूट बूट न काढता चढवता येतो का ते घरी बघा. पावसात एका पायावर उड्या मारणारी माणसं मी बरीच बघितली आहेत. बुटावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवली की बूट पँटमधून सरकतो.

तिसरा, मुक्कामी पोचल्यावरच लागणारं. कपडे, चपला, अंघोळीचं सामान. हे तळाशी. कपडे घडी न घालता गुंडाळा, प्रत्येक जोड वेगळ्या पिशवीत. पिशव्या वेगवेगळ्या रंगांच्या असल्या तर अंधारात बॅग उपसावी लागत नाही.

अवजारं आणि सुटे भाग सॅडल बॅगेच्या तळाशी, चाकाच्या जवळच्या बाजूला, एका कापडात घट्ट गुंडाळून. सुटे पाने दिवसभर आपटून बॅगेला आतून भोक पाडतात. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. सामान अडकवायच्या छोट्या काट्यावर एकेक बाजू तोलून बघा, किलो-अर्ध्या किलोचा फरक चालेल.

पायरी ७: बांधणं

बंजी, म्हणजे दोन्ही टोकांना आकडे असलेली रबरी दोरी, हलक्या वस्तूंसाठीच ठीक. ती ताणली जाते हाच तिचा दोष. खड्ड्यात बॅग उसळली की बंजीही उसळते, आकडा निसटतो आणि चाकात किंवा चेनमध्ये जातो. बांधताना हातातून सुटलेला आकडा डोळ्याला लागून झालेल्या जखमाही काही थोड्या नाहीत. भार कॅम बकलच्या, म्हणजे ओढून घट्ट केल्यावर खटक्याने पकडून ठेवणाऱ्या, न ताणणाऱ्या पट्ट्यांवर टाका. बंजी वापरायचीच तर वरून जॅकेट दाबून ठेवायला.

कमीत कमी चार बिंदूंना बांधा, दोन पुढे, दोन मागे, आणि पट्टे तिरके जाऊ द्या, म्हणजे बॅग मागे-पुढे आणि डावी-उजवी दोन्हीकडे सरकत नाही. पट्टा चेसीच्या नळीला, रॅकला किंवा ग्रॅब रेलला, म्हणजे मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीला, बांधा. इंडिकेटरच्या दांडीला, प्लास्टिकच्या पॅनलला किंवा ब्रेकच्या होजला कधीच नाही. पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून त्याच पट्ट्याखाली खोचा. मला मागून दिसणाऱ्या चुकांमध्ये ही सगळ्यात जास्त वेळा दिसते.

आता बॅग धरून जोरात हलवा. गाडी हलली पाहिजे, बॅग नव्हे. मग दहा पावलं मागे जाऊन बघा. मागचा दिवा, दोन्ही इंडिकेटर आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसतात का? ग्रुपमध्ये तुमचा ब्रेकलाइट बॅगेने झाकलेला असेल तर मागच्याला तुम्ही थांबताय हे कळायला तुमची बॅगच जवळ यावी लागते.

साइड स्टँडही एकदा तपासा. सामानाने शॉकअप दबतो, गाडी खाली येते आणि स्टँडवर जरा जास्त उभी राहते. थोडा वारा किंवा उतार मिळाला की ती पलीकडे कलंडू शकते. मऊ जमिनीसाठी स्टँडखाली घालायला पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा एक तुकडा टँक बॅगेत असू द्या.

पायरी ८: भरलेल्या गाडीची चाचणी

निघायच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी. पूर्ण सामान लादा आणि ६०-७० किलोमीटर फिरून या. त्यात थोडा खराब रस्ता, थोडा चढ-उतार आणि दोन-तीन यू-टर्न असू द्या. मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक दाबून बघा. भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं, आणि हे पहिल्यांदा समोरच्या सोबत्याच्या मागच्या चाकापाशी कळणं बरं नाही. ग्रुपमध्ये दोन सेकंदांचं अंतर सांगतात, मी सामान असताना तीन ठेवतो.

परत आल्यावर सायलेन्सरच्या बाजूची बॅग हाताने चाचपा. गरम लागली तर जागा बदला. पट्टे जिथे रंगाला घासलेत तिथे टेप किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा लावा.

रस्त्यावर

पहिल्या दिवशी निघाल्यावर २०-३० किलोमीटरवर सगळ्यांनी एकदा थांबायचं आणि पट्टे ओढायचे. सामान बसतं, पट्टे सैल होतात, हे दर वेळी होतं. मी हा थांबा मार्गाच्या आखणीतच लिहून ठेवतो, म्हणजे कुणालाही ‘माझ्यामुळे थांबलो’ असं वाटत नाही. त्यानंतर प्रत्येक पेट्रोल थांब्यावर दोन व्यक्तींची जोडी एकमेकांची गाडी बघते. आपल्या सामानाकडे आपली नजर बसून गेलेली असते, दुसऱ्याच्या गाडीवरचं सुटलेलं बकल लगेच दिसतं.

कुणाचं काही लोंबताना दिसलं तर जवळ जाऊन ओरडू नका. हॉर्न, हेडलाइटची उघडझाप आणि कडेला घ्यायची खूण, हे आधी ठरलेलं असावं. काही पडलंच तर ज्याचं पडलं त्याने एकदम ब्रेक मारायचा नाही, आणि रस्त्यात पळत जाऊनही आणायचं नाही. सगळ्यांनी सुरक्षित जागी थांबायचं आणि वाहनं जाऊ द्यायची. गेली चप्पल तर गेली.

मुक्कामी कपड्यांची आतली पिशवी तेवढी काढून न्या, बॅग गाडीवरून सोडू नका. सकाळी पंधरा मिनिटं वाचतात. जागा सुरक्षित वाटत नसेल तर मात्र सगळं आत घ्या, आणि टँक बॅग तर कुठल्याही परिस्थितीत आत.

घरी परतल्यावर बॅग रिकामी करताना पुन्हा ढीग घाला. रोज वापरलेलं, एकदा वापरलेलं आणि हातच न लावलेलं. तिसऱ्या ढिगातून अवजारं, औषधं आणि रेनसूट बाजूला काढा, ते न वापरता परत आले हे चांगलंच झालं. बाकीच्यांची नावं एका कागदावर लिहून तो कागद बॅगेच्या खिशात ठेवा, पुढच्या वेळी भरताना तो आधी हाताला लागेल. बॅगा ओल्या फडक्याने पुसा, तोंडं उघडी ठेवून सावलीत दोन दिवस टांगा, आणि पट्टे वेगळे न करता त्यांच्याच बॅगेत गुंडाळून ठेवा.